गॅनसायक्लोव्हिर-टीके प्रयोग: स्टॉकपासून वसाहती मोजेपर्यंत, आणि वाटेत कुठे चुकतं

टीके जनुक घातलेल्या कर्कपेशी गॅनसायक्लोव्हिर या विषाणूविरोधी औषधाने मराव्यात, असा हा प्रयोग. १० मायक्रोमोलर टाकलं, दुसऱ्या दिवशी एमटीटी (जिवंत पेशी रंगावरून मोजणारी चाचणी) केली, आकडा जवळजवळ १०० टक्के आला, म्हणजे पेशी जिवंतच. मग ठरवून टाकलं की जनुक चालत नाही, आणि नवा व्हेक्टर (जनुक पेशीत नेणारं वाहन) बनवायला घेतला. बहुतेक वेळा दोष व्हेक्टरचा नसतो. गॅनसायक्लोव्हिरला साधं विष समजून प्रयोग आखला की असंच होतं.

टीके नसलेल्या पेशीला गॅनसायक्लोव्हिर स्वतः जवळपास निरुपद्रवी असतं. हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूचं थायमिडिन कायनेज, म्हणजे टीके, त्याला पहिला फॉस्फेट लावतं. दुसरा फॉस्फेट पेशीचं स्वतःचं ग्वानिलेट कायनेज लावतं, तिसरा इतर कायनेज. तयार झालेला ट्रायफॉस्फेट डीएनएत शिरतो, पण पेशी डीएनए बनवत असेल तरच. शिवाय गॅनसायक्लोव्हिरच्या शेपटीला पुढचा दुवा जोडायला जागा असते, त्यामुळे साखळी तिथल्या तिथे तुटेलच असं नाही. कित्येक पेशी पहिलं विभाजन कसंबसं उरकतात आणि पुढच्या फेरीत अडकून मरतात. म्हणून कोणताही निकाल वाचताना चार प्रश्न विचारायचे: एन्झाइम आहे का, थायमिडिन (डीएनएचा एक कच्चा माल) आडवं येतंय का, पेशी किती वेळा विभागल्या, आणि शेजारची पेशी चिकटलेली होती का. पुढच्या सगळ्या पायऱ्या या चारांभोवतीच फिरतात.

१. औषध आणि जनुक निवडा

पेशींच्या प्रयोगाला गॅनसायक्लोव्हिरच घ्या. असायक्लोव्हिर स्वस्त आणि हाताशी असतं, पण मूळ टीके त्याला कमी पकडतं आणि त्याचा ट्रायफॉस्फेट पेशीत फार वेळ टिकत नाही. व्हॅलगॅनसायक्लोव्हिर तर प्लेटमध्ये नकोच. त्याला जोडलेलं व्हॅलिन आतड्यातली आणि यकृतातली एस्टरेज एन्झाइमं काढतात. तुमच्या वेलमध्ये (प्लेटच्या खणात) ते काम कितपत होईल हे पेशींवर आणि सिरमवर अवलंबून, म्हणजे खऱ्या डोसचा पत्ता नाही. तोंडावाटे द्यायच्या प्रयोगात त्याला अर्थ आहे, इथे नाही.

जनुकात मूळ टीके किंवा एसआर३९ सारखा बदललेला प्रकार, असे दोन पर्याय साधारणपणे समोर असतात. एसआर३९ गॅनसायक्लोव्हिरला जास्त घट्ट पकडतं आणि थायमिडिनकडे कमी वळतं, त्यामुळे कमी डोसमध्ये काम होतं. पण दोघांचे आकडे एकाच तक्त्यात शेजारी मांडू नका.

*इशारा:* प्लाझ्मिडच्या (जनुक वाहणाऱ्या डीएनएच्या कड्याच्या) नावात ‘टीके’ दिसलं म्हणजे आत टीके एन्झाइम आहे असं नाही. पीआरएल-टीके मध्ये टीकेचा फक्त प्रमोटर (जनुक चालू करणारा भाग) आहे, त्याच्यापुढे रेनिला ल्युसिफरेज हे वेगळंच, प्रकाश देणारं एन्झाइम. काही प्लाझ्मिडांत टीकेची फक्त पॉलि-ए शेपटी असते. नकाशा उघडा आणि ३७६ अमिनो आम्लांची पूर्ण चौकट (प्रथिन सांगणारा जनुकाचा भाग) सलग आहे का ते बघा. हे एकदा बघितलं नाही म्हणून महिने गेलेले आहेत.

२. पेशी आणि मीडियम तयार करा

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि सगळ्यात जास्त प्रयोग इथेच बिघडतात.

थायमिडिन हे टीकेचं खरं खाद्य. मीडियममध्ये (पेशी वाढवायच्या द्रवात) ते असलं की गॅनसायक्लोव्हिरला रांगेत उभं राहावं लागतं. डीएमईएम आणि आरपीएमआय १६४० मध्ये थायमिडिन नसतं. एफ-१२ मध्ये असतं, म्हणून डीएमईएम/एफ-१२ मिश्रणातही असतं. अल्फा-एमईएम दोन प्रकारांत मिळतं, न्यूक्लिओसाइडसह आणि न्यूक्लिओसाइडविना. सह असलेल्यात थायमिडिन लिटरला १० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ४१ मायक्रोमोलर. त्यात १० मायक्रोमोलर गॅनसायक्लोव्हिर टाकून उत्तराची वाट बघण्यात अर्थ नाही. सिरममध्येही थोडं थायमिडिन असतं. बॅच बदलली की संवेदनशीलता सरकते. शक्य असेल तर डायलाइज्ड (लहान रेणू काढून टाकलेलं) सिरम घ्या, नाहीतर एका प्रयोगमालेला एकच बॅच बाजूला काढून ठेवा.

टीके नसलेल्या पेशीरेषेवर जनुक टिकवण्यासाठी एचएटी मीडियम (हायपोझँथिन, अमिनोप्टेरिन आणि थायमिडिन घातलेलं) वापरत असाल तर आणखी जपा. त्यात थायमिडिन १६ मायक्रोमोलर असतं. पण ते नुसतं काढून साधं मीडियम दिलं तर आत उरलेल्या अमिनोप्टेरिनमुळे पेशी आजारी पडतात. आधी एचटी मीडियममध्ये (तेच, अमिनोप्टेरिनविना) दोन-तीन पॅसेज, म्हणजे पेशी सोडवून नव्या डिशमध्ये पेरण्याच्या फेऱ्या, मग साध्या मीडियममध्ये निदान दोन, आणि त्यानंतर औषध.

मायकोप्लाझ्माची (पेशींच्या डिशमध्ये लपून वाढणाऱ्या जिवाणूची) चाचणी चालू महिन्यातली हवी. मायकोप्लाझ्माची स्वतःची न्यूक्लिओसाइड तोडणारी एन्झाइमं असतात. ब्रिव्ह्युडिनसारख्या पिरिमिडिन औषधांचा ती फडशा पाडतात. गॅनसायक्लोव्हिरला साखरेचं कडं नसल्याने ते त्या तोडीतून सुटतं, पण पेशींचा वाढीचा वेग आणि थायमिडिनचा साठा तरीही बदलतो.

शेवटी, पेशींचा दुप्पट होण्याचा वेळ स्वतः मोजा. तीन दिवस रोज एक वेल सोडवून मोजणी केली की पुरे. कॅटलॉगमधला आकडा तुमच्या इनक्युबेटरचा नसतो, आणि हा आकडा पाचव्या पायरीत थेट लागणार आहे.

*तपासा:* मूळ पेशी, रिकाम्या व्हेक्टरच्या पेशी आणि टीके पेशी, या तिघींचा दुप्पट होण्याचा वेळ एकमेकींच्या १५-२० टक्क्यांच्या आत आहे का? टीके पेशी बऱ्याच संथ असतील तर क्लोन (एकाच पेशीपासून वाढवलेला गट) बदला. संथ पेशी कमी मरतात आणि दोष जनुकाच्या माथी येतो.

३. स्टॉक बनवा

गॅनसायक्लोव्हिरचा रेणुभार २५५.२, सोडियम क्षाराचा २७७.२. बाटलीवर कोणतं आहे ते वाचून मगच वजन करा. ही चूक ९ टक्क्यांची आहे, छोटी वाटते, पण दरवेळी एकाच दिशेला जाते.

उदासीन पाण्यात २५ अंशाला गॅनसायक्लोव्हिर मिलिलिटरला अडीच मिलिग्रॅमच्या आसपासच विरघळतं. १० मिलिमोलर स्टॉकला लागतात २.५५ मिलिग्रॅम, म्हणजे अगदी काठावर. खोलीत पारदर्शक दिसणारा हा स्टॉक फ्रीजरमधून बाहेर आला की तळाशी सुईसारखे बारीक स्फटिक घेऊन येतो. वरचं पाणी उचललं तर डोस कमी, तळ ढवळून उचललं तर जास्त. म्हणून ५ मिलिमोलरवर थांबा.

रीत अशी:

- १२.८ मिलिग्रॅम गॅनसायक्लोव्हिर १५ मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये तोला. हे औषध प्राण्यांमध्ये कर्ककारक, उत्परिवर्तक आणि गर्भाला घातक ठरलेलं आहे. दोन हातमोजे आणि हूड हवेच. वजनकाट्याभोवती सांडलेली भुकटी ओल्या टिश्यूने पुसा, कोरड्याने नाही.
- ९ मिलिलिटर निर्जंतुक पाणी घाला, ३७ अंशाच्या पाण्यात १५-२० मिनिटं ठेवा, मधेमधे व्होर्टेक्स करा.
- उजेडाकडे धरून तळ बघा. एकही कण नको. मग १० मिलिलिटरपर्यंत पाणी भरा.
- ०.२२ मायक्रॉन फिल्टरमधून गाळा. गाळण्याआधी पूर्ण विरघळलेलं हवं, नाहीतर औषध फिल्टरवर राहतं आणि स्टॉक नावालाच ५ मिलिमोलर उरतो.
- ५०० मायक्रोलिटरचे भाग करून उणे २० अंशाला ठेवा. एक ट्यूब एकदाच वितळवा.

इंजेक्शनची ५०० मिलिग्रॅमची व्हायल वापरत असाल तर ती सोडियम क्षाराची असते, पण ५०० हा आकडा गॅनसायक्लोव्हिरचा आहे. १० मिलिलिटर निर्जंतुक पाणी घातल्यावर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे १९६ मिलिमोलर. द्रावणाचा पीएच ११ च्या घरात जातो, म्हणूनच इतकं विरघळतं. पॅराबेन घातलेलं पाणी वापरू नका, साका बसतो. विरघळवलेली व्हायल फ्रीजमध्येही ठेवू नका, तिथेही तेच. त्यातले २५५ मायक्रोलिटर पाण्याने १० मिलिलिटर केले की ५ मिलिमोलर स्टॉक हातात येतो.

*तपासा:* ५ मिलिमोलर स्टॉक १:५० करून फेनॉल रेड (पीएचनुसार बदलणारा रंग) असलेल्या मीडियममध्ये टाका, ३७ अंशाला तासभर ठेवा. रंग तोच राहिला आणि पाणी स्वच्छ दिसलं तर पुढे जा. गुलाबी-जांभळट छटा आली तर पीएच सुधारल्याशिवाय पेशींना देऊ नका.

एककांची गफलतही इथेच टाळा. जुन्या शोधनिबंधांत डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, नव्यांत मायक्रोमोलरमध्ये. १० मायक्रोमोलर म्हणजे मिलिलिटरला २.५५ मायक्रोग्रॅम, मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम म्हणजे ३९ मायक्रोमोलर. ‘दहा’ म्हटलं की कोणतं दहा, ते वहीत लिहा.

४. एन्झाइम खरंच आहे का

वेस्टर्न ब्लॉट (प्रथिन शोधणारी चाचणी) करा, पण त्यावर थांबू नका. मूळ टीके जनुकात लपलेल्या स्प्लाइस जागा आहेत, म्हणजे जिथे पेशी संदेश कापून जोडते अशा जागा. रेट्रोव्हायरल व्हेक्टरमध्ये त्या जाग्या झाल्या की मधला तुकडा गळालेलं जनुक पेशीत जाऊन बसतं: सिलेक्शन मार्कर शाबूत, टीके निकामी. म्हणून पूर्ण चौकटीच्या दोन टोकांना प्रायमर लावून आरटी-पीसीआर (जनुकाचा आरएनए संदेश तपासणारी चाचणी) करा. सुमारे ११०० बेसपेअरचा एकच पट्टा यायला हवा. खाली दुसरा, आखूड पट्टा दिसला तर कोडॉन बदलून त्या जागा काढलेलं जनुक वापरा. मधल्या १५० बेसचा क्यूपीसीआर यात काही सांगत नाही.

पुरोमायसिन किंवा जी४१८ या निवडीच्या औषधांना टिकलेल्या मिश्र गटात १०० टक्के पेशी टीके बनवतात असं धरून चालू नका. जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) जोडलेलं असेल तर फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशी रंगावरून मोजणाऱ्या यंत्रावर) टक्केवारी काढा आणि प्रत्येक प्रयोगाच्या दिवशी ती लिहा. ७० टक्के पेशींमध्येच जनुक असेल तर उरलेल्या ३० टक्क्यांना तुम्ही ‘प्रतिकार’ म्हणून बसाल.

*इशारा:* ट्रान्सफेक्शन (लिपिडने प्लाझ्मिड पेशीत घालणं) केल्याच्या दुसऱ्याच दिवशी औषध देऊ नका. लिपिड आणि प्लाझ्मिडचा मार पेशींना आधीच बसलेला असतो. अॅडेनोव्हायरसने जनुक देत असाल तर प्रत्येक विषाणूमात्रेला औषधाविना एक वेल हवाच, कारण विषाणूचा स्वतःचा मार वेगळा मोजावा लागतो.

५. डोसची प्लेट लावा

आधी वेळ ठरवा, पेशींची संख्या त्यावरून काढा. उलटं करू नका. औषधाखाली पाच दिवस, म्हणजे १२० तास, हे बऱ्याच रेषांना पुरतं. पेशी २४ तासांत दुप्पट होत असतील तर पाच दिवसांत ३२ पट. ९६ वेलच्या एका खणात साधारण ३०,००० पेशींपर्यंत वाढ सरळ राहते असं धरा (तुमच्या रेषेचा आकडा एकदा मोजून घ्या), म्हणजे औषध देताना १,००० हव्यात. आदल्या दिवशी पेरलेल्या पेशींचा काही वेळ चिकटण्यात जातो, म्हणून ८०० पेरा. दुप्पट व्हायला ३६ तास लागत असतील तर पाच दिवसांत फक्त १० पट, म्हणून औषधाच्या वेळी ३,००० हव्यात.

नेहमी दिसणारी चूक म्हणजे ५,०००-१०,००० पेशी पेरणं, कारण दुसऱ्या कुठल्या औषधाच्या ४८ तासांच्या प्रयोगात तसं केलेलं असतं. तिसऱ्या दिवशी प्लेट भरते, पेशी विभागणं थांबवतात आणि गॅनसायक्लोव्हिरला डीएनएत शिरायला वाटच उरत नाही. आलेख आडवा येतो.

मांडणी: कडेच्या सगळ्या खणांत २०० मायक्रोलिटर निर्जंतुक पाणी, कारण पाच दिवसांत तिथून बाष्प उडतं. आतल्या ६० खणांपैकी बी ते डी ओळींत टीके पेशी, ई ते जी ओळींत रिकाम्या व्हेक्टरच्या. स्तंभ २ मध्ये पेशीविना मीडियम, स्तंभ ३ मध्ये फक्त द्रावक, स्तंभ ४ ते ११ मध्ये आठ डोस.

डोस दुप्पट तीव्रतेचे बनवा, कारण खणात आधीच १०० मायक्रोलिटर मीडियम आहे आणि वरून १०० घालायचं आहे.

- पातळ करायचं मीडियम: साध्या मीडियममध्ये ४ टक्के निर्जंतुक पाणी. हे विसरलं की वरच्या डोसला पाणी जास्त आणि खालच्यांना कमी, म्हणजे द्रावकही डोसबरोबर बदलत जातो.
- सर्वांत वरची ट्यूब: १,४४० मायक्रोलिटर साधं मीडियम अधिक ६० मायक्रोलिटर स्टॉक. हे २०० मायक्रोमोलर.
- पुढच्या सात ट्यूबांत प्रत्येकी १ मिलिलिटर पातळ करायचं मीडियम. वरून ०.५ मिलिलिटर खाली, नीट मिसळा, टिप बदला, पुन्हा ०.५ खाली.
- खणात उतरलेले डोस: १००, ३३, ११, ३.७, १.२, ०.४१, ०.१४, ०.०४६ मायक्रोमोलर.

टिप न बदलता खाली-खाली जाणं हे तळाचे डोस फुगण्याचं नेहमीचं कारण. वरच्या डोसचा भिंतीला चिकटलेला थेंब खाली उतरतो, आणि ०.०४६ मायक्रोमोलरलाही पेशी मरताना दिसतात. आपला क्लोन फारच संवेदनशील आहे असं वाटून आनंद होतो. तो फार टिकत नाही.

वरच्या टोकाबद्दल एक अंदाज ठेवा. माणसाला किलोला ५ मिलिग्रॅम शिरेतून दिल्यावर रक्तद्रवातली सर्वोच्च पातळी मिलिलिटरला ९ मायक्रोग्रॅमच्या आसपास जाते, म्हणजे सुमारे ३५ मायक्रोमोलर, तीही थोडाच वेळ. तुमच्या टीके पेशी फक्त १०० मायक्रोमोलरलाच मरत असतील तर तो आकडा प्लेटबाहेर फारसा कामाचा नाही; आणि त्या डोसला कित्येक रेषांच्या मूळ पेशीही डगमगू लागतात.

थायमिडिनची उलटतपासणी याच दिवशी लावा. वेगळ्या प्लेटमध्ये टीके पेशी, १० मायक्रोमोलर गॅनसायक्लोव्हिर आणि ५० मायक्रोमोलर थायमिडिन. मृत्यू टीकेमार्फत होत असेल तर थायमिडिनने पेशी बऱ्याच वाचतात. फक्त थायमिडिनचाही खण ठेवा; काही रेषांना, विशेषतः टी-लिम्फोब्लास्टना, ते स्वतःच बाधतं. मिलिमोलर पातळीला जाऊ नका, तिथे थायमिडिन पेशीचक्रच अडवतं.

*तपासा:* तिसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली बघा, काही मोजू नका. औषध लागलेल्या टीके पेशी पसरट, तळलेल्या अंड्यासारख्या आणि शेजारच्या कंट्रोलपेक्षा दुप्पट-तिप्पट मोठ्या दिसतात. संख्या कमी, आकार मोठा. हे चित्र दिसलं की प्रयोग रुळावर आहे.

६. निकाल कशाने वाचायचा

वरच्या चित्रातच एमटीटीची अडचण आहे. ती फुगलेली पेशी विभागत नाही, पण तिची मायटोकाँड्रिया चालू असतात. एमटीटीला ती जिवंत दिसते, आणि मोठी असल्याने एका साध्या पेशीपेक्षा जास्त जांभळा रंग देते. वसाहतींच्या मोजणीत शंभरातली एकच वाचलेली असते, तिथेही एमटीटी ४०-५० टक्के दाखवू शकते. डोसचा पल्ला शोधायला एमटीटी ठीक आहे. ‘इतक्या टक्के पेशी मेल्या’ असं लिहायचं असेल तर वसाहती मोजा.

रीत: टीके पेशी ६० मिलिमीटरच्या डिशमध्ये अर्ध्या भरल्या की २४ तास औषध द्या, दोनदा पीबीएसने धुवा, ट्रिप्सिनने सोडवा, नीट मोजा आणि औषधविरहित मीडियममध्ये विरळ पेरा. ट्रायफॉस्फेट पेशीत अडकून राहतो, म्हणून धुतल्यानंतरही मारा चालू राहतो. २४ तास पुरतात. औषध न दिलेल्या डिशमधून ६ वेल प्लेटच्या खणात २०० पेशी, दिलेल्या डिशमधून २००, १,००० आणि ५,०००, असे तीन खण. १० ते १४ दिवस प्लेट हलवू नका. हलवली की सुटलेल्या पेशी दुसरीकडे बसून नव्या वसाहती बनवतात. मग मेथॅनॉलने स्थिर करा, ०.५ टक्के क्रिस्टल व्हायोलेटने रंगवा, ५० किंवा जास्त पेशींचाच ठिपका मोजा.

हिशेब एकदा हाताने करून बघा. न दिलेल्या २०० मधून ८४ वसाहती, म्हणजे पेरणीची कार्यक्षमता ४२ टक्के. दिलेल्या ५,००० मधून २१ वसाहती. वाचलेला अंश = २१ भागिले (५,००० गुणिले ०.४२) = ०.०१. एक टक्का. कार्यक्षमतेने भागायचं राहिलं तर हाच आकडा ०.४ टक्के दिसतो आणि औषध आहे त्यापेक्षा दुपटीहून जास्त जोरदार वाटतं.

*इशारा:* पाच-दहा फुगलेल्या पेशींचा विरळ डाग म्हणजे वसाहत नव्हे. त्या एक-दोनदा विभागून थांबलेल्या पेशी आहेत. त्या मोजल्या की एमटीटीचीच चूक दुसऱ्या दाराने आत येते.

७. शेजारच्या पेशींवरचा परिणाम

बायस्टँडर परिणाम, म्हणजे टीके पेशींच्या शेजारच्या टीके नसलेल्या पेशींचं मरण, मोजताना दोन गरजा एकमेकींशी भांडतात. फॉस्फेट लागलेलं गॅनसायक्लोव्हिर विद्युतभारित असतं, पेशीपटलातून आरपार जात नाही. मुख्यतः गॅप जंक्शनमधून, म्हणजे दोन पेशींना जोडणाऱ्या कोनेक्सिन प्रथिनाच्या नळ्यांतून, शेजारी जातं. त्यासाठी पेशी चिकटलेल्या हव्यात. पण गच्च भरलेल्या पेशी विभागत नाहीत, आणि न विभागणारी शेजारीण मरत नाही. विरळ पेरलं तरी उत्तर ‘परिणाम नाही’, गच्च पेरलं तरी तेच.

मधला मार्ग: २४ वेलच्या खणात एकूण साधारण १ लाख पेशी, म्हणजे पेरल्यावर ५०-६० टक्के जागा भरलेली. २० तासांत स्पर्श होतो आणि विभागायला थोडी जागा शिल्लक राहते. तुमच्या पेशींच्या आकारानुसार संख्या बदला, जागेची टक्केवारी तीच ठेवा.

- मूळ पेशींना जीएफपीने कायमचं खुणावून घ्या. टीके पेशी बिनरंगाच्या किंवा लाल. तात्पुरता रंग वापरू नका. विभाजनांत तो फिका पडतो आणि गळून शेजारणीलाही लागतो.
- टीकेचं प्रमाण ०, १, ५, १०, २५, ५० आणि १०० टक्के. मोजून, एकाच ट्यूबमध्ये मिसळून मग पेरा. खणात दोन वेळा वेगवेगळं टाकलं तर पेशी गटागटाने बसतात.
- उरलेलं मिश्रण लगेच फ्लोवर लावा. १० टक्के ठरवलेलं प्रत्यक्षात ७ किंवा १४ निघतं. आलेखात खरा आकडा घाला.
- २० तासांनी १० मायक्रोमोलर गॅनसायक्लोव्हिर, किंवा मूळ पेशी ९५ टक्क्यांहून जास्त वाचतात असा सर्वांत वरचा डोस, दोहोंपैकी कमी असेल तो.
- चौथ्या-पाचव्या दिवशी ट्रिप्सिनने सोडवून मोजणीचे मणी घातलेल्या फ्लोवर जिवंत हिरव्या पेशींची *संख्या* काढा. टक्केवारी नको. टीके पेशी मेल्या की हिरव्यांची टक्केवारी आपोआप वाढते, त्यांना काही झालेलं असो वा नसो.

तुलना कशाशी, हा खरा प्रश्न आहे. त्याच प्रमाणाच्या, औषध न दिलेल्या खणाशी तुलना केली तर आणखी एक फसवणूक होते: तिथे टीके पेशींनी जागा अडवलेली असते, औषधाच्या खणात त्या मरून जागा मोकळी होते आणि हिरव्या पेशी पसरतात. ५० टक्के मिश्रणात हिरव्यांचा आकडा ११०-१२० टक्के आला तर कारण बहुधा हेच. म्हणून दुसरा कंट्रोलही ठेवा: तितक्याच हिरव्या पेशी, एकट्या, औषधासह. बायस्टँडर परिणाम आहे असं म्हणायला हिरव्यांची संख्या दोन्हींपेक्षा कमी हवी.

आता मार्ग सिद्ध करा. ०.४ मायक्रॉन छिद्रांच्या इन्सर्टने (खणात बसणाऱ्या सच्छिद्र पडद्याच्या पेल्याने) दोन्ही पेशी वेगळ्या ठेवल्यावर परिणाम गेला तर स्पर्श लागतो. १८-अल्फा-ग्लिसिऱ्हेटिनिक आम्ल किंवा कार्बेनॉक्सोलोन, ही गॅप जंक्शन बंद करणारी रसायनं, घातल्यावर गेला तर गॅप जंक्शन. दोन्ही रसायनं जास्त झाली की स्वतःच पेशींची वाढ रोखतात, म्हणून आधी त्यांचा एकट्याचा डोस-आलेख काढा. हेला पेशी गॅप जंक्शनबाबत कंगाल म्हणून ओळखल्या जातात. त्यांच्यावर परिणाम दिसत नाही म्हणून पद्धत चुकली असं समजू नका. उलट, नकारात्मक कंट्रोल म्हणून त्या चांगल्या.

५-फ्लुरोसायटोसिन (औषध) आणि सायटोसिन डिअमिनेज (एन्झाइम) या अशाच दुसऱ्या जोडीचे निकष इथे लावू नका. तिथे तयार होणारं ५-फ्लुरोयुरॅसिल स्पर्शाविनाही पसरतं, इन्सर्ट त्याला अडवत नाही.

८. ज्या उरल्या त्यांचं काय

पाच दिवसांनंतर, दहा दिवसांनंतर काही वसाहती उरतातच. त्या फेकू नका, सहा-आठ उचलून वाढवा. औषधाविना दोन पॅसेज, मग पुन्हा तीच डोस-प्लेट. पुन्हा मेल्या तर पहिल्या वेळी त्या फक्त विभागत नव्हत्या. टिकल्या तर क्रम असा: जीनोमिक पीसीआर (जनुक आहे का), आरटी-पीसीआर (पूर्ण संदेश बनतो का), वेस्टर्न. जनुक आहे पण संदेश नाही, तर प्रमोटर गप्प झाला. सीएमव्ही प्रमोटरला ही खोड आहे. संदेश आखूड आहे, तर चौथ्या पायरीकडे परत. तिन्ही ठीक असतील तरच पेशीच्या स्वतःच्या कायनेजांकडे किंवा औषध बाहेर फेकणाऱ्या पंपांकडे बघा. सुरुवात तिथून करू नका.

९. उंदरांकडे जाण्याआधी

संस्थेच्या प्राणी-नैतिकता आणि जैवसुरक्षा समितीची मंजुरी हातात येईपर्यंत पुढचं काहीच नाही. ती आली की तीन गोष्टी डोक्यात ठेवा. उंदराच्या रक्तात थायमिडिन माणसाच्या सुमारे दहापट असतं, म्हणून प्लेटवरचा संवेदनशील क्लोन तिथे मंदावतो. एसआर३९ चा फायदा इथे जास्त दिसतो. टीके हे परकं प्रथिन आहे. प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या उंदरात टीके पेशी औषधाविनाही नाकारल्या जाऊ शकतात, म्हणून टीके अधिक सलाईन हा गट अनिवार्य. आणि सोडियम क्षाराचं अल्कधर्मी द्रावण पोटात टोचलं की पोटाला दाह होतो, वजन घटतं आणि ते ‘गाठीमुळे’ म्हणून नोंदलं जातं. पीएच मोजून, सलाईनमध्ये पातळ करून द्या. रिकाम्या व्हेक्टरच्या गाठींना औषध देणारा गटही ठेवा आणि त्याच्या न्यूट्रोफिल पेशी मोजा, कारण हे औषध अस्थिमज्जेवर बसतं.

उरलेला स्टॉक, टिपा आणि धुण्याचं पहिलं पाणी सायटोटॉक्सिक कचऱ्यात जाऊन जाळलं गेलं पाहिजे, सिंकमध्ये नाही. ऑटोक्लेव्हने विषाणू मरतो, पण औषध गेलंच असं धरता येत नाही. म्हणून लेन्टिव्हायरस (जनुक द्यायला वापरलेला विषाणू) आणि गॅनसायक्लोव्हिर दोन्ही असलेल्या प्लेटच्या पिशवीवर दोन्ही खुणा लावा.